आधी फेरफार वाच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. ठाण्यावर प्रबंध लिहायचाय, पण धागा सापडत नाही म्हणतेस. शिलाहार राजांपासून धरलंस तर नुसतं गौरवगान होतं, लोकलपासून धरलंस तर ठाणं म्हणजे मुंबईचं झोपायचं घर ठरतं. मार्गदर्शकांनी 'विकासाची वाटचाल' सुचवलीय म्हणे. त्या शब्दांवर माझा राग आहे, पण ते असो.

ठाण्याचं श्रीस्थानक हे जुनं नाव, मार्को पोलोच्या वर्णनातला चामड्याचा नि सुती कापडाचा व्यापार, पोर्तुगीज, १७३७ मधले मराठे, १७७४ मधले इंग्रज हे सारं दोन पानांत आटप. ठाणं मुंबईच्या आधीपासून बंदर होतं, एवढं त्यातून कळलं तरी पुरे. त्यानंतर मात्र प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचार: ही जमीन आधी कुणाच्या नावावर होती, आणि नाव का बदललं? नुसता सातबारा आजचा मालक सांगतो. नाव कसं बदललं ते फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची महसूल दप्तरातली नोंद, सांगतो. म्हणून आधी फेरफार वाच.

१६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी तू अख्खं पान भरून लिहिलीस. १४ डबे, ४०० पाहुणे, तोफांची सलामी. अगं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं! चेंदणी कोळीवाडा रुळांच्या अलीकडे आणि पलीकडे कसा विभागला गेला, याला तुझ्याकडे एक ओळ नाही.

कारखान्यांचं तसंच. १९२५ ला रेमंडची लोकरीची गिरणी आली. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, तीही वागळे इस्टेटमध्ये. मुंबईत नव्या कारखान्यांना जागा मिळेना आणि परवानगीही मिळेना. इथे रेल्वे होती, आग्रा रोड होता, खाडी होती आणि स्वस्त जमीन होती. पोखरण रोडपासून बेलापूर पट्ट्यापर्यंत भोंगे वाजू लागले. ज्यांची भातशेती गेली त्यांतल्या काहींची पोरं त्याच गेटवर कामाला लागली, बाकीची बाहेरच राहिली. गेटच्या आत कोण गेलं आणि बाहेर कोण राहिलं, इथे रेंगाळ. इथेच तुझा प्रबंध आहे.

मग भोंगे बंद पडले. तू लिहितेस, 'कामगार संघटनांच्या आडमुठेपणामुळे'. हे कुणी सांगितलं तुला? संप झाले, नाही म्हणत नाही. वीज, जकात, पगार महागले, सरकारच्या सवलतींमुळे कंपन्या मागास जिल्ह्यांत गेल्या, हेही खरं. पण कारखाना तोट्यात होता म्हणून बंद झाला, की त्याच्याखालची जमीन मालापेक्षा महाग झाली म्हणून? प्रत्येक गेटचं उत्तर वेगळं निघेल. शहरात एकाने किती मोकळी जमीन बाळगावी यावर मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ ला रद्द केला. त्याच्या आधीची आणि नंतरची नावं शेजारी शेजारी मांड. औद्योगिक पट्ट्याचा रहिवासी कधी झाला, कामगारांची देणी त्याआधी मिळाली की नंतर, ते बघ. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १८,४१,४८८ माणसं होती. ती राहतात कशावर, हे विचारल्याशिवाय आकडा लिहू नकोस.

तू म्हणशील, काकांना जमिनीशिवाय दुसरं दिसतच नाही. नाही दिसत. मुंबईच्या मोठ्या दैनिकातून बोलावणं आलं तेव्हा मी इथली बातमीदारी सोडून गेलो नाही. हिंमत नव्हती, असं माझे सोबती आजही म्हणतात. म्हणोत. तिथे मंत्रालय बघायला पन्नास जण होते, इथल्या तलाठ्याचं दप्तर बघायला कुणी नव्हतं. गेलो असतो तर स्वतःचा ब्लॉक झाला असता, हे मात्र मान्य. आयुष्यभर लोकांच्या जमिनींवर लिहिलं आणि राहतोय भाड्याने, यावर घरात रोज टोमणा ऐकतो. तरी मी बरोबर होतो.

तेव्हा 'सांस्कृतिक राजधानी' हे प्रकरण काढून टाक. जमिनीचा एकच गट, म्हणजे एकच तुकडा, घे, वागळेतला किंवा कोलशेतचा, आणि जितक्या मागे जाता येईल तितके फेरफार काढ. शहर सर्वेक्षणात आलेल्या जागेला सातबारा नसेल, तिथे मालमत्ता पत्रक माग. कारकून 'उद्या या' म्हणेल. उद्या जा. नक्कल हाती आली की रविवारी घरी ये, मोडी नोंदी मी लावून देईन.