‘वेग 90 अंश पुढे’ म्हणजे आधी की नंतर?

लातूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी बारावीत. सिंपल हार्मोनिक मोशनच्या (झोक्यासारख्या लयीत होणाऱ्या ये-जा हालचालीच्या) नोट्समध्ये ‘वेगाची कला विस्थापनाच्या 90 अंश पुढे असते’ असं वाक्य आहे. (कला म्हणजे फेज, फेरीत कुठवर पोचलो ते; विस्थापन म्हणजे मधल्या जागेपासूनचं अंतर, दिशेसकट.) पुढे म्हणजे वेग नंतर येतो असं धरून तिनं आलेख उलटा काढला. चूक तिची की वाक्याची?

ताई, माझ्या मते वाक्याची. पाऊस लांबला की आपल्याकडं ‘पेरणी पुढं गेली’ म्हणतात, म्हणजे उशीर झाला. ‘मागे एकदा’ म्हणजे पूर्वी. वेळेची गोष्ट निघाली की मराठी कानाला ‘पुढे’मध्ये ‘नंतर’च ऐकू येतं. नोट्समधला ‘पुढे’ मात्र घड्याळाचा आहे. घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं की त्यात आठ आधी वाजतात.

तिला पंचमीचा झोका आठवायला सांगा. लिंबाच्या फांदीला बांधलेला, एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला विहीर. घराची दिशा धन धरू. चऱ्हाट चार मीटर लोंबत असेल आणि झोका फार उंच जात नसेल, तर जाऊन-येऊन साधारण 4 सेकंद लागतात. विहिरीकडच्या टोकाला झोका क्षणभर थांबतो. वेग शून्य, पण घराकडची ओढ सगळ्यात जास्त, म्हणजे त्वरण (वेग बदलण्याचा दर) कमाल. 1 सेकंदानं तो बरोबर फांदीखाली येतो, ओढ संपलेली आणि घराकडचा वेग कमाल. पदर सगळ्यात जोरात फडफडतो तो इथंच. आणखी 1 सेकंदानं घराकडचं टोक, तिथं विस्थापन कमाल. आधी त्वरण, मग वेग, मग विस्थापन. पूर्ण फेरी 360 अंशांची धरली, तर दर पाव फेरीला 90 अंश. त्वरण आणि विस्थापन यांच्यात 180, म्हणून ती दोघं कायम एकमेकांच्या उलट.

‘कला’ हा शब्द मला फार आवडतो. तो चंद्राच्या कलांवरून आलेला, ‘फेज’सुद्धा तिथलाच. फेरीत कुठवर पोचलो, एवढंच तो सांगतो. (पंचांगात अंशाच्या साठाव्या भागालाही कला म्हणतात, तो अर्थ इथं घेऊ नये.) मोटार चालू करण्याआधी ‘थ्री फेज आली का?’ विचारतात ती फेजही हीच. तीन तारांमधला विजेचा दाब 120-120 अंशांच्या फरकानं कमाल गाठतो.

ते वाक्य मी असं लिहीन: ‘वेग विस्थापनाच्या पाव फेरी आधी कमाल होतो.’ आणि जिथं ‘मागे’ असेल तिथं ‘उशिरा’.