दप्तरातला गजर

आदरणीय बाई, कॉलेज प्रवेश परीक्षेला जाताना माझ्या मुलीने फोन सायलेंट करून दप्तरात ठेवला होता. दप्तर भिंतीशी, ती चौथ्या बाकावर. तासाभराने तिचा रोजचा गजर वाजला. तिला उठवून बाहेर काढलं आणि पेपर तपासला जाणार नाही असं सांगितलं. तिने फोनला हातसुद्धा लावला नव्हता. कॉपीच केली नाही, तर शिक्षा कसली? – एक आई

ताई, तुमच्या लेकीने कॉपी केली नाही हे मला पटतं. तिला बाहेर काढणाऱ्या पर्यवेक्षकालाही बहुधा पटलं असेल. मी २१ वर्षं हे काम केलं. गजर वाजला की काय होतं ते सांगते. फरशीवर ठेवलेल्या दप्तरात फोन थरथरतो तेव्हा आवाज कुठून येतोय ते पटकन कळत नाही. सगळी डोकी वर होतात, फक्त एक खाली राहतं. ज्याचा फोन, त्याने तो ओळखलेला असतो. त्या पोराचे कान लाल होताना मी तीन-चार वेळा पाहिलेत आणि दर वेळी मलाच अपराधी वाटलंय.

सायलेंट केल्याने रिंग बंद होते, गजर नव्हे. बऱ्याच फोनवर तो तरीही वाजतो, आणि मुलांना हे नेमकं त्या दिवशी कळतं.

आता तुमचा खरा प्रश्न. वर्गात उभ्या असलेल्या माणसाला हेतू तपासता येत नाही. फोन उघडून आत काय आहे ते बघत बसला, तर उरलेल्या तीस मुलांकडे कोण बघणार? म्हणून नियम वस्तूवर बोट ठेवतो, मनावर नाही. एसीटी आणि एसएटी या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश परीक्षा. एसीटीमध्ये फोन वाजला की विद्यार्थी बाहेर, पेपर तपासला जात नाही. एसएटीमध्ये तर फोन ताब्यात घेऊन त्यातला मजकूरही पाहू शकतात. दक्षिण कोरियातली कॉलेज प्रवेश परीक्षा, सुनुंग, आणखी कडक. पहिल्या पेपराआधी फोन जमा केला नाही आणि तो नंतर दप्तरात सापडला, तर वाजो न वाजो, त्या वर्षीची परीक्षा रद्द.

ही कडक शिस्त हौसेने आलेली नाही. कोरियात २००४ मध्ये मोबाइलवरून उत्तरं पुरवणाऱ्या मुलांच्या टोळ्या सापडल्या. मग तिथे बंदोबस्त इतका वाढला की पेन्सिलसुद्धा परीक्षा केंद्रच देऊ लागलं. आपल्याकडे २०१५ च्या एआयपीएमटीत, म्हणजे तेव्हाच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, बनियनमध्ये सिम आणि ब्लूटूथ शिवून उत्तरं पोहोचवली गेली. तपासात लाभ घेतलेले ४४ जण सापडले, पण सुप्रीम कोर्टाने सहा लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलेली परीक्षाच रद्द केली आणि ती २५ जुलैला पुन्हा घ्यावी लागली. तेव्हाच्या फेरपरीक्षेला अर्ध्या बाह्यांचे कपडे आणि चपला आल्या, त्या अजून आहेत.

तुमच्या बाजूनेही एक बोलते. सुरुवातीला फोन जमा करा अशी स्पष्ट सूचना झाली होती का? जमा करायची सोय होती का? माझ्या पाहण्यात एक केंद्र होतं, तिथे 'दप्तरं मागे ठेवा' एवढंच सांगून पेपर वाटले. तिथे गजर वाजला असता तर निम्मा दोष मी केंद्राला दिला असता. म्हणून मुलीकडून सगळं शांतपणे ऐकून घ्या, आजच कागदावर उतरवा, सोबत बसलेल्या एक-दोघांना विचारा आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे लेखी अर्ज करा. पर्यवेक्षकाने अहवाल लिहिलेला असतो, त्यात काय आहे ते मागा. निकाल फिरेल असं वचन मी देत नाही. तिची परीक्षा वर्षातून अनेकदा होणारी असेल, एसएटी-एसीटीसारखी, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता पुढच्या तारखेला नाव नोंदवा. आणि कृपा करून तिला 'तुला एवढं कळत नव्हतं?' असं विचारू नका. ते तिने स्वतःला हजारदा विचारून झालंय.

काट्यांचं साधं घड्याळ तरी चालतं ना?

परीक्षेवर आहे. सुनुंगमध्ये डिजिटल पडदा नसलेलं काट्यांचं घड्याळ चालतं, नीटमध्ये कुठलंच नाही. नियम वाचा, मित्राला विचारू नका.

मोठ्या भावाने एसएटीला वापरलेला कॅल्क्युलेटर मी नेला तर चालेल का?

अरे बाबा, त्यावरचं नाव बघ आधी. समीकरण अक्षरांतच सोडवून देणारे, म्हणजे सीएएस असलेले कॅल्क्युलेटर एसएटीने ऑगस्ट २०२५ पासून बंद केले. एसीटीत ते आधीपासूनच चालत नाहीत. भावाच्या वेळी चाललेला आता दारातच अडेल. गंमत म्हणजे टीआय-एनस्पायर सीएक्स चालतो आणि टीआय-एनस्पायर सीएक्स सीएएस चालत नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळी भावंडं, फरक नावापुढच्या तीन अक्षरांचा. तुझ्या कॅल्क्युलेटरवर ती अक्षरं असतील तर तो घरी ठेव. एसएटीच्या पडद्यावर डेस्मॉस कॅल्क्युलेटर दिलेलाच असतो, त्यावर दोन सराव पेपर सोडवून जा.