कुडूच्या शिंगाचं वय

प्रश्न : माझा भाचा जोहान्सबर्गला नोकरी करतो. सुट्टीत मित्रांबरोबर तो नामिबियाला गेला आणि तिथे पैसे भरून त्याने कुडू नावाच्या मोठ्या हरणाची शिकार केली. मेलेल्या जनावराची शिंगं धरून काढलेला हसरा फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या आईने त्याच्याशी बोलणं सोडलंय. थोरली बहीण म्हणते, तिकडे कायद्याने चालतं, त्याने चोरून काही केलेलं नाही. तुम्ही त्या देशात गुरांचे डॉक्टर म्हणून राहिला आहात. आम्ही त्याला काय म्हणावं?
– एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, कायद्यापुरतं तुमच्या बहिणीचं खरं आहे. नामिबियात परदेशी पाहुण्याला १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर या काळात परवाना काढून अशी शिकार करता येते. सोबत सरकारकडे नोंदलेला शिकार-मार्गदर्शक असावा लागतो. एका परवान्यावर एका जातीची दोनच जनावरं मारता येतात. रात्री दिवा लावून शिकार करता येत नाही. कुडूसारख्या जनावरासाठी बंदुकीची किमान ताकदही ठरवून दिलेली आहे, म्हणजे हलक्या गोळीने ते जखमी होऊन रानात तडफडत राहू नये.

पण तुमच्या आईचा प्रश्न कायद्याचा नाहीच. हे जनावर मेलं ते कशासाठी, असं त्या विचारतायत. त्याचं उत्तर द्यायचं तर तिथल्या जमिनीबद्दल सांगायला हवं.

मी नामिबियातल्या ओचिवारोंगो या गावाच्या बाजूला गुरांच्या फार्मांवर काम केलं. पाऊस बेभरवशाचा, माती उथळ, नजर जाईल तिथवर काटेरी बाभळीचं रान. एकेक फार्म हजारो हेक्टरांचं, कारण एवढ्या जमिनीशिवाय गुरं जगतच नाहीत. पूर्वी तिथल्या शेतकऱ्याला कुडू म्हणजे पाणवठ्यावरचा आगंतुक वाटायचा. तो दिसला की गोळी घालायची आणि मांस वाळवून बिल्टाँग करायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कायदा बदलू लागला आणि १९७५ च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशाने जमीनमालकाला आपल्या कुंपणातल्या शिकारीच्या प्राण्यांवर हक्क मिळाला. कुडू जिवंत ठेवण्यात फायदा आहे हे कळल्यावर त्याच शेतकऱ्यांनी त्याच्यासाठी पाणी राखलं, चोरट्या शिकाऱ्यांना हाकललं. आज त्या देशातले बहुसंख्य वन्यप्राणी अभयारण्यांच्या बाहेर, अशा जमिनींवर राहतात. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले आठ चित्ते याच नामिबियातून आले. तिथले बहुतेक चित्ते अभयारण्यात नव्हे, शेतजमिनींवर जगतात आणि त्यांचं पोट भरतं ते तिथल्या कुडूच्या वासरांवर, स्प्रिंगबॉकवर, छोट्या मृगांवर.

गोऱ्या शेतकऱ्यांना जे मिळालं ते सामायिक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या जनतेला मिळायला स्वातंत्र्यानंतर १९९६ चा कायदा यावा लागला. १९९८ मध्ये पहिल्या चार सामुदायिक संवर्धन संस्था नोंदल्या गेल्या. आता त्या ८६ आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. पाहुणा शिकाऱ्याचे पैसे तिथे गावाच्या खात्यात येतात आणि मांस गावात वाटलं जातं. त्या पहिल्या चारांपैकी न्याए न्याए ही जूहोआन्सी सान या शिकारी आदिवासींची संस्था. एका भुंग्याच्या अळीपासून काढलेलं विष बाणाला लावून आजही ते स्वतःसाठी शिकार करतात, आणि तसा हक्क त्यांना आहे. त्यांच्या रानात कोणता प्राणी किती मारायचा हे आपण फलटणहून किंवा पुण्याहून सांगणं मला पटत नाही.

केनियाने १९७७ मध्ये अशी शिकार बंद केली. त्यानंतरही तिथले वन्यप्राणी वाचले नाहीत, उलट निम्म्याहून जास्त घटले. कारण चराई, कुंपणं, वस्ती आणि चोरटी शिकार वाढतच गेली. मात्र तिथल्याच मसाई मारा अभयारण्याच्या भोवती मसाई जमीनमालक आपली जमीन पर्यटनासाठी भाड्याने देतात आणि तिथे शिकारीशिवाय प्राणी टिकून आहेत. म्हणजे बंदूक हाच एक मार्ग आहे असं अजिबात नाही. पण माराला सिंह आणि विल्डबीस्ट या मोठ्या मृगांचे कळप पाहायला जगभरातून माणसं येतात. ओचिवारोंगोच्या बाभळीत दिवसभर उन्हात फिरून दोन कुडू ओझरते दिसले तर नशीब. तिथे जीप भरून पर्यटक येत नाहीत. तिथे कुडूची किंमत कोणीच देणार नसेल तर उद्या त्या जागी गुरंच गुरं असतील.

तेव्हा भाच्याशी बोलणं टाकू नका. त्याला नीट विचारा. फार्म किती मोठं होतं, आणि तो कुडू तिथेच जन्मलेला होता की ट्रकमधून आणून दोन दिवस आधी छोट्या कुंपणात सोडलेला? दुसरा प्रकार दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी चालत आलाय आणि त्याला मी शिकार मानत नाही. मांस कुठे गेलं? दोनशे किलोहून जड जनावर आहे ते, ते पूर्ण खाल्लं गेलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं वय काय होतं? त्याबद्दल खाली नाशिकच्या गुरुजींना सविस्तर लिहिलंय. फोटोबद्दल मात्र मी तुमच्या आईच्या बाजूचा आहे. माझ्या ओळखीचे चांगले शिकारी मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात आणि थोडा वेळ गप्प बसतात. ज्याच्यापाशी टोपी काढून उभं राहायचं त्याच्याशेजारी दात काढून हसू नये. आजीची माफी त्याने मागावी.

प्रश्न : सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, तशी आफ्रिकन हरणांचीही गळत असतील. मग गळलेलीच गोळा करून भिंतीवर का लावत नाहीत?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कुडूची गळत नाहीत. सांबर आणि चितळ यांची शिंगं हाडाची, फांद्या फुटलेली, दरवर्षी झडून नवी येणारी. काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि आफ्रिकेतले कुडू, ओरिक्स, एलंड, इंपाला हे गायीच्या कुळातले. यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा आणि वरून आपल्या नखासारख्या द्रव्याचं म्यान. ते आयुष्यभर वाढतं, बुंध्याकडून. म्हणून त्यावर वय लिहिलेलं असतं.

प्रश्न : भिंतीवर लावायच्या ट्रॉफीसाठी सगळ्यात मोठ्या शिंगांचा, म्हणजे सगळ्यात तगडा नर मारतात. बैलाच्या पैदाशीत आपण नेमकं उलट करतो. याने वंश खालावणार नाही का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : गुरुजी, खालावू शकतो, आणि ते सिद्ध झालेलं आहे. कॅनडात अल्बर्टामधल्या रॅम माउंटनवर रानमेंढ्यांची तीस वर्षं नोंद ठेवली होती. शिंग भराभर वाढणारे नर प्रजननाचं वय गाठण्याआधीच शिकाऱ्यांच्या नजरेत भरत आणि मारले जात. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला, की पिढ्यांमागून पिढ्या शिंगं लहान होत गेली. घात झाला तो तरुण नर मारल्यामुळे.

कुडूचं शिंग मळसूत्रासारखं पिळदार असतं, आणि नरालाच असतं. पहिला पीळ साधारण दोन वर्षांत पुरा होतो, अडीच पीळ व्हायला सहा वर्षं लागतात. रानात नर सात-आठ वर्षांपलीकडे क्वचितच जातो. म्हणजे ज्याची अडीच वेटोळी पुरी झालीत, टोकं बाहेर वळून झिजलीत आणि पांढरी पडलीत, मान जाड झालीय, असा नर आपल्या वाट्याची पोरं देऊन बसलेला असतो. पुढच्या कोरड्या हिवाळ्यात तो तसाही बिबट्याच्या किंवा उपासमारीच्या तोंडी जाणार. शिकाऱ्याने मारायचा तो हा. त्याच्याशेजारी चार वर्षांचा, लांब देखण्या शिंगांचा नर उभा असेल तर बंदूक खाली.

माझ्या फार्मवर माग काढणारा दमारा या तिथल्या जमातीचा एक वयस्क गृहस्थ होता. पाहुणा कितीही श्रीमंत असो, टोकं बाहेर न वळलेला नर समोर आला की तो काठी आडवी धरायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. मालकाने त्याला कधी टोकलं नाही. त्या रानाचं भलं मोजपट्टीपेक्षा त्या काठीने जास्त केलं असं मी मानतो.

मोजपट्टीची गोष्ट अशी. लंडनच्या रोलंड वॉर्डचं, शिकारीत मिळालेल्या मोठ्या शिंगांचं नोंदपुस्तक १८९२ पासून निघतंय. त्यात नाव यायला कुडूचं शिंग पिळाच्या कडेने मोजून जवळपास ५४ इंच भरावं लागतं. अमेरिकेतल्या सफारी क्लब या शिकाऱ्यांच्या संघटनेची पद्धत लांबीत बुंध्याचा घेर मिळवते. दोन्हीकडे इंच महत्त्वाचे, वय नव्हे. याचा सगळ्यात वाईट परिणाम ओरिक्सवर होतो. ओरिक्सच्या माद्यांनाही शिंगं असतात, आणि मादीची शिंगं नराहून बारीक पण लांब. नोंदपुस्तकात लांबी मोजली जाते, म्हणून इंचांच्या मागे लागलेला पाहुणा ऐन विणीच्या वयातली मादी मारतो आणि त्याबद्दल पदक मिळवतो! मला हे कधीच सहन झालं नाही.

नामिबियातल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने यावर वयाशी जोडलेली मोजणी आणली आहे. म्हाताऱ्या जनावराच्या शिंगाच्या बुंध्याशी दुसऱ्यांदा वाढलेला खडबडीत भाग दिसतो, तो पाहून गुण देतात. लांब पण कोवळ्या शिंगाला सुवर्णपदक नाही. हे सगळ्या आफ्रिकेने उचलावं.

दक्षिण आफ्रिकेत मात्र काही वर्षं उलटी गंगा वाहिली. १९९१ च्या कायद्याने पुरेसं कुंपण असलेल्या जमिनीवरचे प्राणी मालकाचे झाले. इथवर ठीक. पुढे सेबल मृगाच्या लांब शिंगांच्या नरांची, काळ्या इंपालांची, सोनेरी विल्डबीस्टची निवडक पैदास सुरू झाली. लिलावात एकेका नराला लाखो रँड (तिथलं चलन) मोजले गेले. २०१६ च्या सुमारास भाव कोसळले आणि कर्ज काढून गुंतवलेल्यांचे हाल झाले. पैशांचं जाऊ द्या. छोट्या कुंपणांत जवळच्या नात्यात जुळवलेली, रंगासाठी वाढवलेली ही जनावरं रानात सोडली तर रानाचंच नुकसान. गुरुजी, वंश खालावण्याची तुमची भीती मला तिथे जास्त खरी वाटते.

प्रश्न : आमच्या वाड्यात आजोबांच्या वेळची काळविटाची शिंगं आहेत. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. आता वाडा पाडायचाय. शिंगं कुणाला दिली तर चालतील का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : देऊ नका, विकू तर मुळीच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि अशी वस्तू बाळगायला मालकी प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये घोषणा करायची १८० दिवसांची मुदत मिळाली होती. आजोबांनी किंवा वडिलांनी कागद केले असतील तर आधी ते शोधा. वारसाने वस्तू आली असेल तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तशी घोषणा करावी लागते. प्रमाणपत्र असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती वस्तू स्वखुशीने सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. कागदच नसतील तर वकिलाला बरोबर घेऊन आधी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जा. शिंगं तोवर हलवू नका.

तुमच्या भागाचं आणि आफ्रिकेचं याबाबतीत जुनं नातं आहे. इकडचे चित्ते संपत आल्यावर काळविटाच्या शिकारीसाठी कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. जिवंत काळवीट पाहायचे असतील तर मुलांना घेऊन नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जा.

प्रश्न : मी शिरवळला पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आफ्रिकेत अशा फार्मांवर काम करायची इच्छा आहे. तिथे डॉक्टरने कशासाठी तयार असावं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : रेबीजसाठी. तुम्ही म्हणाल, तो तर इथेही आहे. पण कुडूचा रेबीज वेगळा. १९७७ मध्ये विंडहोकच्या बाजूला त्याची साथ सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारो कुडू मेले. काही अंदाज तीस ते पन्नास हजारांचे आहेत. कुत्रा-कोल्हा चावून एवढी मरणं होत नाहीत. पाऊस चांगला होऊन कुडू दाट झाले होते. एकाच काटेरी झुडपाला अनेकांची तोंडं लागायची, काट्यांनी ओरखडलेल्या हिरड्यांतून लाळेतला विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. त्यानंतरही तिथे पुन्हा साथ आली आहे.

अशा कुडूला माणसाची भीती राहत नाही. दोन मीटरचं कुंपण उभ्याने ओलांडणारं ते लाजाळू जनावर सरळ अंगणात येऊन उभं राहतं, तोंडातून लाळ गळत असते. मुलं त्याला पाणी पाजायला धावतात. पाहुण्याला तर वाटतं, सोपी शिकार मिळाली. असा नर मारला गेला तर कातडी सोलायला कोणाला हात लावू देऊ नका. मेंदूचा नमुना तपासणीला जाईपर्यंत मांसही नाही.

महाराष्ट्रातही गायीच्या तोंडातून लाळ गळू लागली, की घशात काही अडकलं म्हणून लोक कोपरापर्यंत हात घालतात. तुम्ही घालू नका, शेतकऱ्यालाही घालू देऊ नका. आणि नोकरीचं पत्र येण्याची वाट न पाहता रेबीजच्या प्रतिबंधक लसीचे डोस कॉलेजात असतानाच पूर्ण करून घ्या.