72 मैल आणि अकरा पावलं

"ताई, कॅसिनो इतका जवळ आला तर हा पुन्हा जाईल का हो?"

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मी किती बायकांच्या तोंडून ऐकला, त्याची मोजदाद नाही. 2013 साली शेजारच्या न्यू यॉर्कच्या मतदारांनी नव्या कॅसिनोंना होकार दिला तेव्हा ऐकला. 2016 साली आमच्याच राज्यात मतदान आलं तेव्हा तर दर आठवड्याला. आता सावंतवाडी-पणजीकडून व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या बायकाही हेच विचारतात, फक्त पार्कवेच्या, म्हणजे अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंकडे नेणाऱ्या महामार्गाच्या, जागी कॅसिनोच्या बोटींची मांडवी नदी म्हणतात. म्हणून 2016 च्या एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांना विचारून लिहिते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मतदान कशाचं होतं ते आधी सांगते. न्यू जर्सीत कॅसिनो चालतात ते फक्त अटलांटिक सिटीत. 1974 साली ते राज्यात कुठेही होऊ द्यायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, 1976 साली त्या एका शहरापुरता मान्य केला आणि 1978 मध्ये तिथे पहिला कॅसिनो उघडला. (1976 सालाचं काहीतरी आहे खरं. गोव्याचा जुगार कायदा त्याच सालचा. महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा त्याच साली केला. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला.) 2016 च्या नोव्हेंबरात विचारलं होतं ते असं: राज्यात आणखी दोन ठिकाणी कॅसिनो होऊ द्यायचे का? अट अशी, की ते अटलांटिक सिटीपासून किमान 72 मैल लांब हवेत. मेडोलँड्सचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि जर्सी सिटी ही दोन नावं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. हे जोडपं राहायचं त्या एडिसनहून अटलांटिक सिटी शंभरेक मैल पडतं. मेडोलँड्सला रस्ता मोकळा असेल तर पाऊण तासही लागत नाही.

वृंदा आली ती ऑक्टोबर संपता संपता. मूळची कुडाळची, इथे एका दवाखान्यात हिशेब बघते. पर्समधून तिने नमुना मतपत्रिका काढली. आमच्याकडे मतदानाआधी ती टपालाने घरी येते. चार घड्या घातलेली, आणि पहिल्या प्रश्नासमोरच्या ‘नाही’भोवती बॉलपेनने इतके गोल फिरवलेले की तिथे कागद फाटला होता.

"मंडळाच्या दिवाळीत मी प्रत्येकीला हात जोडून सांगणार आहे, ‘नाही’वर मत द्या म्हणून," ती म्हणाली. "माझं घर वाचलंय ते केवळ अंतरामुळे."

चार वर्षांपूर्वी तिला टपालात एक पत्र सापडलं होतं. तिच्या नवऱ्याने, मकरंदने, निवृत्तीसाठी साठवलेल्या 401के या खात्यामधून कर्ज काढलं होतं आणि ते सगळं अटलांटिक सिटीत ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर घालवलं होतं. त्याने आईची शपथ घेतली. तेव्हापासून वृंदा दर महिन्याला गाडीच्या ई-झीपासचं टोलचं स्टेटमेंट काढते आणि एकेक ओळ बोटाने वाचते. पार्कवेवर दक्षिणेकडचा एकही टोल नाही. चार वर्षांत एकदाही नाही. ही नोंद तिने मला अभिमानाने दाखवली, आणि तो अभिमान तिने कमावलेला होता.

पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. मकरंद खुर्चीच्या कडेवर बसला होता, फोन मांडीवर उपडा.

मी वृंदाला विचारलं, "8 तारखेला ‘नाही’ निघालं तर 9 तारखेला तुमच्या घरात काय असेल?"

"सुटलो, ताई. सुटलोच."

"आणि ‘हो’ निघालं तर?"

"मग संपलं."

"तुमच्याकडे देवाला कौल लावतात ना?"

ती एकदम सैल झाली. "लावतात की. पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर काम होणार."

"पाकळी पडेपर्यंत घरातली माणसं काय करतात?"

"बघत बसतात. दुसरं काय करणार?"

"मग आता तुम्ही दोघं काय करताय?"

ती गप्प झाली. मी पुढचं अगदी हळू बोलले, कारण हे वाक्य चुकीच्या सुरात गेलं तर आरोप होतं. "वृंदा, तुम्ही अख्खं घर एका निकालावर लावलंय. तो निकाल तुमच्या हातात नाही. मकरंद टेबलावर हेच करत होते."

मला वाटलं होतं आता ती रडेल. बोलला तो. इतका वेळ एक अक्षरही न बोललेला माणूस.

"ताई, तिला वाटतंय कॅसिनो मेडोलँड्सला येईल. तो आमच्याकडे आलाय."

"किती लांब आहे?"

त्याने डोळे मिटले. तो खरंच मोजत होता. "अकरा पावलं. पलंगापासून बाथरूमपर्यंत."

न्यू जर्सीने नोव्हेंबर 2013 पासून इंटरनेटवरच्या कॅसिनोला परवानगी दिली आहे. राज्याच्या हद्दीत असलात की फोनवर पत्ते वाटले जातात, आणि त्याला टोल लागत नाही. मकरंद दीड वर्षं रात्री दोन वाजता बाथटबच्या कडेवर बसून खेळत होता. आवाज बंद, नळ थोडासा सोडलेला. वृंदाला वाटे त्याला पित्ताचा त्रास आहे. ती त्याच्यासाठी कोकमाचं सार करून ठेवायची.

तिने ऐकून घेतलं. मग मतपत्रिकेकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी चार वर्षं भलत्याच दाराला कडी घालून बसले होते."

या वाक्यापाशी मी त्या दिवशी बराच वेळ थांबले आणि आजही थांबते. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं हीच कडी धरून येतात. गावात दारूचं दुकान आलं, फोनवर रमी आली, कॅसिनो आला: धोका बाहेरून येईल आणि आपण तो वेशीवर अडवू, असं घराला वाटतं. तसं वाटणं चूक नाही. पण वेस राखणं हे गावाचं काम आहे आणि घराची कडी हे घराचं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की दोन्ही उघडी राहतात. त्या 72 मैलांचंच बघा. वृंदाला तो आकडा आपल्या रक्षणासाठी घातलाय असं वाटत होतं. तो घातला होता अटलांटिक सिटीचा धंदा वाचवायला. एडिसनमधल्या घराचा विचार त्या अटीत कुठेच नव्हता.

आता मकरंदकडे वळते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे दुःखामागचा हट्टी विचार शोधून तो सैल करण्याच्या पद्धतीत, तयार झालेली आहे. माणूस बोलताना मी एक अक्षर शोधत असते, ते म्हणजे ‘च’. मराठीने आपल्याला हे अक्षर देऊन समुपदेशकांवर उपकार केले आहेत. ‘हवं’ आणि ‘हवंच’ यांमध्ये माणसाचं सगळं दुःख मावतं.

"रात्री दोन वाजता उठताना मनात काय असतं?" मी विचारलं.

"गेलेले पैसे परत आलेच पाहिजेत."

"आले पाहिजेत, की आलेच पाहिजेत?"

"आलेच."

"हा नियम कुणी केला?"

पुष्कळ वेळ गेला. "मीच," तो म्हणाला.

"‘च’ काढून एकदा म्हणून बघा."

"परत आले तर बरं होईल." तो थांबला. "नाही आले तर... नाही आले. पगार चालू आहे. घर चालू आहे."

जुगाराच्या व्यसनात माणसाला ओढतो तो नुसता जिंकण्याचा मोह नसतो. हरलेलं भरून काढण्याची सक्ती जास्त ओढते. वृंदाच्या सासूबाईंनी हे माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं होतं. धर्मराजाला पहिल्या द्यूतानंतर सगळं परत मिळालं होतं की, पुन्हा बोलावल्यावर का गेला? ‘बोलावलं तर गेलंच पाहिजे’ असं त्याने स्वतःला बजावलं होतं म्हणून. तिथेही ‘च’ आहे. मकरंदला हे मी सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

त्याच बैठकीत वृंदाने मतपत्रिका उलटी केली आणि पेन त्याच्या हातात दिलं. मागच्या कोऱ्या जागेवर त्याने आकडे लिहिले. दोन क्रेडिट कार्डं, 401के चं उरलेलं कर्ज, कॉलेजमधल्या एका मित्राकडून घेतलेले एकवीसशे. मित्राचं नाव लिहिताना हात थांबला, कारण तो वृंदाच्या भावाचाही मित्र होता. मी काही बोलले नाही. त्याने लिहिलं. माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. बरं होण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी एका कागदावर, खऱ्या आकड्याने होते.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना सांगायचं ते असं. आकडा संपूर्ण बाहेर आल्याशिवाय कर्ज फेडायला घेऊ नका, आणि माहेरहून, दिराकडून पैसे आणून एकरकमी तर मुळीच फेडू नका. मोकळं झालेलं कार्ड हे खेळणाऱ्याला आमंत्रण असतं. पगार काही काळ दुसऱ्याच्या खात्यात जाऊ द्या, पण खेळणाऱ्याने स्वतः तसं मागितलं पाहिजे. हिसकावून घेतलेल्या खात्याला तो वाट काढतो. क्रेडिट रिपोर्ट दोघांनी शेजारी बसून बघा. न्यू जर्सीत माणूस स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घालू शकतो, एक वर्ष, पाच वर्षं अशा ठरावीक मुदतीसाठी. यादीत असताना खेळून जिंकलं तरी ती रक्कम मिळत नाही. अर्ज करताना इंटरनेटचाही समावेश करून घ्या, नाहीतर वृंदाच्या कडीसारखं होतं. 1-800-गॅम्बलर या क्रमांकावर कुटुंबीयही फोन करू शकतात. आणि कर्जात बुडालेला माणूस ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ अशा अर्थाचं काही बोलला, तर ते रागाचं बोलणं समजून सोडून देऊ नका. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या, एकटं ठेवू नका.

पहारा मात्र सोडा. रोज फोन तपासणारी बायको दमते आणि नवरा हुशार होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, त्या वेळी तो स्वतःहून सांगेल आणि तुम्ही ऐकाल. या दोघांनी गुरुवारची रात्र धरली. पहिले तीन गुरुवार भांडणात गेले. गेले तर गेले, चौथ्या गुरुवारी दोघं बसली होतीच.

मतदानाआधीच्या शेवटच्या बैठकीत वृंदाने विचारलं, "मग ताई, मी मत काय देऊ?"

मी तिला उत्तर दिलं नाही, ते माझं काम नव्हतं. पण तो प्रश्न नागरिक म्हणून कसा तोलायचा, ते बोललो. 2006 साली अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंचं उत्पन्न पाच अब्ज डॉलरच्या वर होतं, आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, न्यू यॉर्कात कॅसिनो होत गेले तसं ते जवळपास निम्म्यावर आलं. 2014 या एका वर्षात तिथल्या बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले, सुमारे आठ हजार लोकांची नोकरी गेली. ज्या शहराच्या उद्धारासाठी 1976 साली होकार दिला त्याची ही गत असेल, तर आणखी दोन ठिकाणी तेच करून किती दिवस पुरणार? उलट बाजूही आहे. कॅसिनोच्या करातून राज्यातल्या वृद्धांच्या आणि अपंगांच्या सोयींना पैसा मिळतो, आणि बांधकामाचं काम मागणारा शेजारी काही आपला शत्रू नाही. हे सगळं मकरंदचं नाव मध्ये न आणता बोलता आलं, तेव्हा मला कळलं की ती आता कौल लावून बसलेली नाही.

माझं मत मी ‘नाही’ला दिलं होतं. ज्याला ओढ आहे त्याला अंतराची मदत होते, हे मी इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय. दोन तासांच्या रस्त्यात माणूस परत फिरू शकतो. म्हणून गोव्याने 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली ते मला योग्य वाटतं, आणि भारतात 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली तेही. पण पणजीहून फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी बंदीच्या आधी हेच विचारते, "तुमच्या घरात खरा आकडा कुणाला माहीत आहे?"

निकाल लागला. सुमारे 77 टक्के लोकांनी नकार दिला. त्या आठवड्यात ही दोघं आली तेव्हा निकालाचा विषय वृंदाने काढलाच नाही. तिने फाइलमधून मकरंदच्या पाच वर्षांच्या बंदीच्या अर्जाची प्रत काढून टेबलावर ठेवली.

मधल्या काळात मकरंद एकदा घसरला, 2017 च्या उन्हाळ्यात, एका जुन्या सहकाऱ्याच्या खात्यावरून. तीन दिवसांनी गुरुवार होता. त्याने सांगितलं.

मग 2018 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खेळांवरच्या सट्ट्याची वाट मोकळी झाली, आणि 14 जूनला न्यू जर्सीत पहिला कायदेशीर सट्टा लागला. फुटबॉलचा विश्वचषकही त्याच दिवशी सुरू झाला. दुपारी मकरंदचा फोन आला, पार्किंगमधून.

"ताई, ऑफिसात सगळे त्याचंच बोलताहेत. मी बाहेर येऊन उभा राहिलोय."

"काय वाटतंय?"

"लावावेसे वाटताहेत." जरा थांबून तो म्हणाला, "वाटताहेत. एवढंच. वृंदाला सांगितलंय, आज गुरुवार आहे, मी लवकर घरी येतो."