वाचकांचे प्रश्न : तुर्कस्तानात बसने फिरताना

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघेही निवृत्त शिक्षक, सहल कंपनीच्या घोळक्यात न जाता तुर्कस्तानात तीन आठवडे बसने फिरावे असा विचार करीत आहोत. तुर्की भाषेचा एक शब्दही आम्हांला येत नाही आणि रात्रीच्या लांब प्रवासाची पत्नीला धास्ती वाटते. पासष्टीत हे धाडस करावे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उभयतांनी अवश्य जावे. एक शब्दही येत नाही, हे मात्र मला मान्य नाही. साबणाला तिथे ‘साबुन’, साखरेला ‘शेकेर’, हवेला ‘हावा’, मैदानाला ‘मेयदान’ आणि शहराला ‘शेहिर’ म्हणतात, आणि ‘चकमक’ हा आपला शब्द तर मुळात तुर्कीच आहे. १९२८ पासून ही भाषा रोमन लिपीत लिहिली जात असल्यामुळे पाट्या वाचता येतात. फक्त ‘सी’चा उच्चार ‘ज’ करावा, ‘सी’ला खाली शेपूट असेल तर ‘च’ आणि ‘एस’ला शेपूट असेल तर ‘श’ करावा. या रीतीने एका पाटीवर ‘नेवशेहिर’ वाचले आणि हे तर ‘नवे शहर’च, असे लक्षात आले, तेव्हा आम्हां दोघांना झालेला आनंद तिथल्या कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाने दिला नाही.

आता काळजीचा मुद्दा. तिथे बस सहसा त्रास देत नाही, त्रास होतो तो बसस्थानकाचा. बसस्थानकाला तिथे ‘ओतोगार’ म्हणतात, आणि ते बहुधा गावाबाहेर असते. तिथून गावात नेण्यासाठी पुष्कळ बस कंपन्या ‘सर्व्हिस’ नावाची छोटी गाडी ठेवतात आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण ती कुठे उभी आहे हे आपणहून कोणी सांगत नाही. इस्तंबूलहून दहा-अकरा तासांचा प्रवास करून आम्ही तुर्कस्तानच्या मध्यभागातील कापादोक्या या प्रदेशातल्या गोरेमे गावी निघालो होतो. तिकिटावर गोरेमे स्पष्ट छापलेले असूनही पहाटे आम्हांला नेवशेहिरला उतरवण्यात आले. समोर आलेल्या एका गृहस्थाने पुढे गाडीच नाही असे सांगितले आणि झोपेच्या गुंगीत आम्ही टॅक्सी केली. आमच्याच कंपनीची सर्व्हिस इमारतीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, हे दुसऱ्या दिवशी कळले. म्हणून बसमधून पाय खाली ठेवण्यापूर्वी मदतनिसाला तिकीट दाखवून गावाचे नाव आणि ‘सर्व्हिस?’ एवढे दोन शब्द विचारावेत.

या मदतनिसाला ‘मुआविन’ म्हणतात, आणि रात्रीच्या प्रवासाची धास्ती पुष्कळशी त्याच्यामुळेच जाते. तो प्रवाशांना पाणी, चहा आणि केकचा तुकडा देतो. आमच्या बसमध्ये त्याने प्रत्येकाच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचे ‘कोलोन्या’ही ओतले, ते हातांना आणि मानेला चोळायचे असते. (माझ्या यजमानांनी पहिल्यांदा ते तीर्थ समजून ओठांशी नेले होते!) बसमध्ये स्वच्छतागृह बहुधा नसते, पण काही तासांनी अर्ध्या तासाचा थांबा येतो. त्याला ‘मोला’ म्हणतात. तेथील स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत. ‘आलातुर्का’ म्हणजे आपल्यासारखे उकिडवे बसण्याचे, तेव्हा गुडघे दुखत असतील तर दुसरे शोधावे. या थांब्यावर लांब दांड्याचे ब्रश घेऊन माणसे बस धुऊन काढतात आणि परत येताना सगळ्याच बस सारख्या दिसू लागतात. उतरताना गाडीचा क्रमांक पाहून ठेवावा. त्याचे पहिले दोन आकडे प्रांताचे असतात : ३४ म्हणजे इस्तंबूल, ४२ म्हणजे कोन्या, ५० म्हणजे नेवशेहिर. एमएच ११ पाहून साताऱ्याची गाडी ओळखणाऱ्याला हे शिकवावे लागणार नाही.

प्रश्न : पतीने आणि मी निरनिराळ्या वेळी आपापली तिकिटे काढायची ठरवली, तर शेजारची जागा मिळेल काय? आणि ‘दोल्मुश’ हे वाहन नेमके काय आहे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा मिळणार नाही. लांब पल्ल्याच्या बसमध्ये अनोळखी स्त्री-पुरुषांना शेजारी बसवत नाहीत आणि निराळ्या काढलेल्या तिकिटांवरून आपण पती-पत्नी आहात हे त्यांना कळत नाही. दोन्ही तिकिटे एकदमच काढावीत, आणि त्या वेळी पारपत्रांचे क्रमांक हाताशी ठेवावेत.

दोल्मुश म्हणजे कोल्हापूरकरांच्या ओळखीचे वडाप, अर्थात अनेक प्रवाशांनी मिळून वापरायची छोटी भाड्याची गाडी. शब्दाचा अर्थच ‘भरलेले’ असा आहे, आणि सारण भरून केलेली ‘दोल्मा’ हीसुद्धा त्याच धातूची. बहुतेक वेळा गाडी भरली की निघते. भाडे मागच्या प्रवाशाकडून पुढच्याकडे असे हातोहात चालकापर्यंत जाते आणि उरलेली रक्कम त्याच वाटेने परत येते. पहिल्या दिवशी यजमानांनी मागून आलेली नोट आपल्याला कोणीतरी देऊ केली असे समजून नम्रपणे नाकारली होती. ‘नाही’ म्हणताना तिथे हनुवटी किंचित वर करून ‘च्यक्’ असा आवाज काढतात. तो आवाज आपल्याकडेही नकाराचाच असल्याने ऐकताना घोटाळा होत नाही. घोटाळा आपल्या मान डोलावण्याने होतो, कारण चालकाला त्यातून होकार की नकार, काहीच उमगत नाही. उतरायचे असेल तेव्हा मान स्थिर ठेवून ‘इनेजेक वार’, म्हणजे ‘उतरणारे आहे’, असे मोठ्याने म्हणावे. हळू म्हटल्यास पुढच्या गावी उतरावे लागते.