वाचकांचे प्रश्न : ग्रामीण डाक सेवक कोणाचा नोकर?

प्रश्न : आमच्या गावच्या शाखा डाकघरात नुकताच रुजू झालेला शाखा डाकपाल विदर्भातला आहे. पंचक्रोशीत दहावी उत्तीर्ण मुले असताना बाहेरचा उमेदवार कसा नेमला जातो? आणि त्याला केंद्र सरकारचा नोकर मानायचे का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचे मूळ त्यातच आहे. शाखा डाकपाल हा ग्रामीण डाक सेवकच असतो. ग्रामीण डाक सेवक नागरी पद धारण करतो आणि म्हणून त्याला संविधानाच्या अनुच्छेद 311 चे संरक्षण आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली राजम्मा खटल्यात दिला. त्यामुळे चौकशीशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. मात्र तो नियमित नागरी सेवेच्या बाहेरच राहिला. त्याला वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. मिळतो तो कामाच्या तासांशी जोडलेला भत्ता, ज्याला टपाल खात्यात सगळे ‘टीआरसीए’ म्हणतात.

ही व्यवस्था इंग्रजी अमदानीतली आहे. गावचा शाळामास्तर किंवा दुकानदार आपला व्यवसाय सांभाळून दिवसाचे काही तास टपालाचे काम पाहील, जागाही स्वतःची देईल आणि सरकार त्याला मोबदल्यादाखल थोडी रक्कम देईल, असा तो हिशेब होता. उपजीविकेचे दुसरे साधन असलेला स्थानिक माणूस हा त्याचा पाया. या सेवकांच्या मोबदल्याचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर 2018 मध्ये भत्ता वाढला. चार तासांच्या कामासाठी शाखा डाकपालाचा किमान भत्ता 12,000 रुपये आणि पाच तासांसाठी 14,500 रुपये ठरला, वर महागाई भत्ता. तरीही दुसऱ्या उत्पन्नाचे गृहीतक कायम आहे.

निवडीची पद्धत मात्र बदलली. आता अर्ज ऑनलाइन मागवले जातात आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. महाराष्ट्र डाक परिमंडळात गोवाही येतो आणि परिमंडळातल्या कोणत्याही जिल्ह्यातला, स्थानिक भाषा शिकलेला उमेदवार कोणत्याही गावासाठी निवडला जाऊ शकतो. वशिल्याला आळा घालणारी ही पद्धत योग्यच आहे. पण शाखा डाकपालाने डाकघराच्या गावातच राहावे आणि डाकघरासाठी जागा पुरवावी, हा नियम तसाच आहे. घरापासून शेकडो किलोमीटर दूर आलेल्या, तिथे ना शेती ना दुकान असलेल्या तरुणाने तेवढ्या रकमेत खोलीभाडे, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे कसे बसवायचे? निवड सबंध परिमंडळातून आणि मोबदला गावातल्या जोडधंद्याच्या हिशेबाने, ही विसंगती मला अन्यायाची वाटते. देशातल्या सव्वा लाखाहून अधिक शाखा डाकघरांची भिस्त याच सेवकांवर आहे. बचत खाती, ग्रामीण टपाल जीवन विमा आणि टपाल पेमेंट्स बँकेचे व्यवहार हे सारे त्यांच्याच हातून होते. तेव्हा आपल्या डाकपालाला परका मानू नये, ही विनंती.

प्रश्न : शाखा डाकघराच्या कारभाराविषयी तक्रार कोणाकडे करावी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या उपविभागाच्या डाक निरीक्षकाकडे. शाखा डाकघरांची तपासणी तोच करतो. तेथे दाद न लागल्यास विभागाच्या डाक अधीक्षकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.