कोरियात शांतता यावी म्हणून बायकांनी नेमकं काय केलं? नुसते मोर्चेच का?

मोर्चेच नाहीत. सर्वांत गाजलेली गोष्ट २४ मे २०१५ ची. क्रिस्टीन आन या कोरियन-अमेरिकन कार्यकर्तीच्या पुढाकाराने १५ देशांतल्या ३० स्त्रिया उत्तर कोरियातून दक्षिणेत आल्या, तेही दोन्ही देशांमधला सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा लष्करमुक्त पट्टा ओलांडून. सोबत अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्त्या ग्लोरिया स्टायनम होत्या, शिवाय मेरेड मॅग्वायर आणि लेमा बोवी या दोन नोबेलविजेत्या. त्यांना पट्ट्यातल्या पानमुनजोम या गावातून चालत यायचं होतं, पण तशी परवानगी मिळाली नाही. मग पट्टा बसनेच पार करावा लागला!

त्यांची मागणी साधी आहे: शांतता करार करा. कोरियन युद्धात २७ जुलै १९५३ ला झाला तो फक्त युद्धविराम. शांतता करार आजतागायत नाही. त्या कागदावर दक्षिण कोरियाची तर सहीच नाही. म्हणून कागदोपत्री युद्ध अजून चालूच आहे, आणि ताटातूट झालेली कुटुंबं म्हातारी होत चालली आहेत.

टीकाही झाली. उत्तर कोरियाचं सरकार करत असलेल्या मानवी हक्कांच्या पायमल्लीबद्दल या बायका गप्प बसतात, असा आक्षेप होता. मला तो पूर्ण खोटा वाटत नाही, पण बोलणीच बंद ठेवून तिथल्या माणसांचं काय भलं झालं, हेही कुणीतरी सांगावं.

पुढे २०१९ मध्ये 'कोरिया पीस नाऊ' मोहीम सुरू झाली. अमेरिकेतले स्थानिक गट आपापल्या खासदारांना गाठू लागले. २०२१ मध्ये खासदार ब्रॅड शर्मन यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, शांततेचं विधेयक मांडलं, २०२३ मध्ये पुन्हा. मंजूर मात्र झालं नाही.